शेजारी प्रकल्प, तुलूज

14 सप्टेंबर 2024, शनिवार

आजपासून नोंदी ठेवायला सुरुवात. जागा: तुलूजचा मिनिम भाग, मिदी कालव्याच्या जवळ, विटांची चार मजली इमारत. तीन माणसं कशीबशी मावतील एवढी लिफ्ट, खाली पत्रपेट्यांची रांग, मागे छोटं अंगण. काम: या इमारतीतल्या माणसांशी ओळख करून घेणं, आणि तीही फ्रेंचमधून.

पुण्यात आलियाँस फ्राँसेजमध्ये सुरुवातीच्या पातळ्या झाल्या आहेत. त्यामुळे वाचता येतं, क्रियापदं चालवता येतात. पण लिफ्टमध्ये कुणी सलग दोन वाक्यं बोललं की पहिलं समजेपर्यंत मजला येतो. नवऱ्याचं ऑफिस विमानांच्या धंद्यातलं, तिथे इंग्रजीवर भागतं. लेक शाळेत जायला लागली आहे, ती दिवाळीपर्यंत माझ्या पुढे गेलेली असेल. मी घरून काम करते, तेही पुण्याच्या टीमसाठी. आमचं राहण्याचं परमिट अशा प्रकारचं आहे की सरकारी भाषावर्गाची सक्ती नाही. म्हणजे मनावर घेतलं नाही, तर फ्रेंचचा शब्दही न बोलता इथे वर्ष काढता येईल.

म्हणून स्वतःला एक अट घातली आहे. या आठवड्यात या इमारतीत वापरायला मिळणार नाही असं वाक्य पाठ करायचं नाही. विमानतळावरचे संवाद, हॉटेलातलं बुकिंग, 'माझ्या काकांची पेन' हे सगळं बाजूला. नोंदीत कुणाचं नाव लिहायचं नाही, मजला लिहायचा.

18 सप्टेंबर, बुधवार

पहिलं काम 'बोंजूर'. हसू नका, यातच आठवडा गेला.

आपल्याकडे दुकानात शिरल्या शिरल्या "दादा, हे कितीला?" असं विचारलं तर कुणाला काही वाटत नाही. इथे बोंजूरच्या आधी काहीही विचारणं हा उद्धटपणा धरतात, मग पुढचं व्याकरण कितीही शुद्ध असो. बेकरीत, औषधाच्या दुकानात, बसमध्ये चढताना ड्रायव्हरला, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये बसलेल्या अनोळखी लोकांना, लिफ्टमध्ये, सगळीकडे आधी बोंजूर. संध्याकाळी तेच 'बोंस्वार' होतं. त्याच दिवशी तोच माणूस पुन्हा भेटला तर 'रबोंजूर' म्हणायचं, म्हणजे 'आपलं झालंय, पण पुन्हा'. आडनाव जोडायची गरज नाही, नुसतं 'बोंजूर मादाम' जास्त बरं दिसतं. पत्रपेट्यांवरची आडनावं मी उगाचच पाठ केली.

निघतानाचं आणखी मोठं प्रकरण. नुसतं 'ओ रव्ह्वार' म्हणून कुणी जात नाही, वर एक शुभेच्छा लागते. सकाळी 'बॉन जूर्ने', चार वाजता 'बॉन फँ द जूर्ने', संध्याकाळी 'बॉन सुआरे', शुक्रवारी 'बाँ वीकेंड', हातात पाव दिसला तर 'बॉन आपेती', आणि हातात खोकी घेऊन जिने चढणाऱ्याला 'बाँ कुराज'. यातलं कुठलं केव्हा हे सुटलं की लिफ्टचा निम्मा प्रवास सुटतो. उरलेल्या निम्म्यासाठी 'व्हू माँते?' पुरतं, म्हणजे वर जाताय का.

आपली ओळख दाखवायची रीत मात्र इथे बाद. "काय, कुठे निघालात?" हे आपल्याकडे प्रेमाचं, इथे चौकशी खात्याचं. कामधंदा, पगार, मुलं किती, हे पहिल्या भेटीत विचारायचे विषय नव्हेतच.

6 ऑक्टोबर, रविवार

प्रवेशदालनातल्या सूचना उतरवून घ्यायला लागले. हे पाठ्यपुस्तक फुकट आहे आणि दर आठवड्याला नवं निघतं. लिफ्ट बंद, मंगळवारी पाणी बंद, दार नीट लावून घ्या, सायकल जिन्याखाली ठेवू नका. इमारतीचं काम पाहणाऱ्या सँडिककडून येणाऱ्या छापील कागदाची भाषा वेगळी, रहिवाशांनी हाताने लिहिलेल्याची वेगळी.

हाताने लिहिलेल्या बहुतेक सूचना 'मेर्सी द...' ने सुरू होतात. दार बंद करण्याबद्दल आभार, पिझ्झाची खोकी पिवळ्या डब्यात चेपून टाकण्याबद्दल आभार. आभार आधीच मानून टाकले आहेत, आता तुम्ही करून दाखवा. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला यातला सूर लगेच ओळखू येतो. फक्त आपल्या पाटीत टोमणा उघडा असतो आणि इथे तो आभारांच्या आत दुमडलेला.

शुक्रवारी चौथ्या मजल्यावरच्या विद्यार्थिनीने पार्टीची चिठ्ठी लावली होती: प्रिय शेजाऱ्यांनो, शनिवारी माझा वाढदिवस आहे, थोडा आवाज होईल, फार झाला तर बेल वाजवा, किंवा एक पेला घ्यायला या. ही चिठ्ठी जशीच्या तशी वहीत. कधीतरी लागेल.

19 ऑक्टोबर, शनिवार

आज लिफ्टमध्ये पहिलं खरं बोलणं झालं. विषय वारा.

तुलूजमध्ये आग्नेयेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने एक वारा येतो. पिरेने आणि माँताञ न्वार या डोंगरांमधल्या सखल पट्ट्यातून तो वेग घेतो. नाव 'ओताँ'. लोक त्याला वेड्यांचा वारा म्हणतात. डोकं दुखतं, मुलं किरकिरतात, माणसं चिडतात, सगळ्याचा दोष त्याच्यावर. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी काठी सावरत आत आल्या, मी बोंजूर म्हटलं आणि सोबत सकाळपासून घोकलेलं 'केल व्हाँ!' (काय हा वारा) जोडलं. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली तरी आजी दारात उभ्या राहून बोलत होत्या. मला अर्ध्याहून कमी कळलं. पण मध्येमध्ये 'आ बाँ?' (असं होय?) आणि 'से व्ह्रे' (खरंय) टाकत राहिलं की पुरतं. हे दोन शब्द सगळ्या क्रियापदांच्या तक्त्यांपेक्षा कामाचे, असं माझं मत झालं आहे.

आजींचं फ्रेंच ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. ते पुण्यात शिकवलेल्या पॅरिसच्या उच्चारांसारखं नाही. दक्षिणेकडे शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळत नाहीत, स्पष्ट उच्चारतात, आणि नाकातल्या स्वरांना मागे एक 'ङ' लटकतो: 'दमँ'चं (उद्या) 'दमँङ', 'पँ'चं (पाव) 'पँङ'. पॅरिसवाले याची चेष्टा करतात म्हणे. मला तर हे सोपं जातं, एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळतं. मेट्रोत स्थानकांची नावं फ्रेंचनंतर ऑक्सितान या इथल्या जुन्या भाषेतही सांगतात. आजींच्या आईवडिलांची घरातली भाषा तीच होती, एवढं आज नक्की समजलं.

बेकरीतलं किरकोळ: आत चॉकलेट असलेल्या, पदर सुटलेल्या पावाला इथे 'शोकोलातीन' म्हणायचं. 'पँ ओ शोकोला' म्हटलं तरी मिळतं, पण पॅरिसहून आलात का असं बघतात. पिशवीला 'पोश'. 2018 मध्ये या शोकोलातीन नावासाठी संसदेत एका कायद्याला दुरुस्ती मांडली गेली होती आणि ती फेटाळली गेली. बेकरीतल्या बाईंना तो विषय अजून ताजा आहे.

9 नोव्हेंबर, शनिवार

प्रकल्पाला आज जागा सापडली. अंगणातली कंपोस्टची पेटी.

1 जानेवारी 2024 पासून फ्रान्समध्ये स्वयंपाकघरातला ओला कचरा वेगळा काढण्याची सोय प्रत्येक घराला मिळाली पाहिजे असा कायदा लागू झाला आहे. कुठे रस्त्यावर डबे ठेवले आहेत, कुठे इमारतीच्या अंगणात सामाईक कंपोस्ट. आमच्याकडे लाकडाच्या पेट्या आहेत: एकीत नवा कचरा, एकीत मुरत आलेला, एकीत सुकं. शनिवारी सकाळी पहिल्या मजल्यावरच्या बाई तिथे उभ्या असतात, कारण त्या कंपोस्टच्या 'रेफेराँत' आहेत, म्हणजे त्याची देखरेख त्यांच्याकडे. ज्याला बादली रिकामी करायची असेल तो त्या वेळात येतो.

लिफ्टमध्ये बोलायला विषय शोधावा लागतो आणि वेळ नसतो. इथे दोन्ही आहेत. हातात बादली असते, समोर ढीग असतो, आणि त्या ढिगाबद्दल प्रत्येकाला ठाम मत असतं. संत्र्यामोसंब्याची सालं घालावीत की नाही यावर आज चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ आणि रेफेराँत बाई यांच्यात चांगलं जुंपलं. बाईंचं म्हणणं, थोडी असतील तर चालतात, बारीक चिरून. शब्द आपोआप पदरात पडले: सालं म्हणजे 'एप्ल्युश्यूर', कॉफीचा चोथा 'मार द काफे', फांद्यांचा भुगा 'ब्रॉया', ढवळणं 'ब्रासे'. ओल्या बादलीवर सुक्याची बादली, हे ब्रीदवाक्य प्रत्येक जण दुसऱ्याला ऐकवतो.

माझी बादली उघडल्यावर गर्दी झाली. चहाचा चोथा आल्याच्या सालांसकट, कोथिंबिरीच्या काड्या, शेवग्याच्या चघळलेल्या शेंगा (इंडियन दुकानातल्या, महागड्या), आणि नारळाची करवंटी. करवंटी बाईंनी उचलून सगळ्यांना दाखवली. ती वर्षानुवर्षं मुरणार नाही, हे मला माहीत होतं, पण ते फ्रेंचमध्ये सांगायला मिळालं. मग ती फोडायची कशी, आतलं खोबरं कसं काढायचं, हे हातवारे करून. खोवणी दाखवायला वर जाऊन विळी घेऊन आले. पायाखाली धरून बसायचं पातं बघून चौथा मजला म्हणाला, हे विमा कंपनीला कळवू नका. विनोद पहिल्या फटक्यात कळला. हे आधी झालं नव्हतं.

पुढच्या महिन्यापासून एका शनिवारी पेटी उघडायचं काम मी घेते, असं सांगून आले. 'ज प्यू ल फेर' (मी करू शकते) एवढंच वाक्य लागलं.

28 नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी दारावर अग्निशामक दलाचे दोन जवान, गणवेशात. काळजात धस्स. कॅलेंडर विकायला आले होते. वर्ष संपताना ते घरोघरी येतात, पोस्टमनही येतो. किंमत ठरलेली नसते, आपल्याला वाटेल ते द्यायचं. कॅलेंडर स्वयंपाकघरात लावलं.

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ: बोंजूर, बॉन सुआरे. बस. सप्टेंबरपासून यात काही वाढ नाही.

12 जानेवारी 2025, रविवार

पहिल्या मजल्यावर 'गालेत'ला बोलावणं. 6 जानेवारीच्या एपिफनीच्या सणाचा हा केक महिनाभर ठिकठिकाणी कापला जातो. आत 'फेव्ह' नावाची छोटी चिनीमातीची बाहुली असते, जिच्या तुकड्यात निघेल ती राणी. वशिला नको म्हणून घरातलं सगळ्यात लहान पोर टेबलाखाली बसतं आणि कुठला तुकडा कुणाला ते ओरडून सांगतं. टेबलाखाली आमची लेक.

टेबलावर दोन केक होते, आणि त्यावरून वाद. एक पदर सुटलेला, बदामाचं सारण भरलेला, तो उत्तरेकडचा. दुसरा वेढ्यासारखा गोल, ब्रियोशचा, वर साखर आणि पाकवलेली फळं, तो इकडचा. आजींनी पहिल्याला हातही लावला नाही. मला विचारलं तर काय बोलणार? दोन्ही घेतले.

एक गोष्ट मात्र ठरवून टाकली. लेक आता भराभर बोलते, आणि माणसं माझ्याशी बोलताना तिच्याकडे बघायला लागली आहेत. तीही लगेच मराठीत सांगते, "आई, त्या विचारतायत...". हे सोयीचं आहे आणि म्हणूनच वाईट आहे. मोठ्यांच्या गप्पांत सहा वर्षांच्या मुलीला दुभाषी करायचं नाही. आज तिला टेबलाखालून वर येऊच दिलं नाही म्हणा ना. 'प्ल्यू लाँतमाँ, सिल व्हू प्ले' (जरा हळू) हे मी स्वतः म्हणते, आणि म्हटलं की लोक खरंच हळू बोलतात, पहिली दोन वाक्यं तरी.

निघताना रेफेराँत बाई म्हणाल्या, 'ऑं स तुत्वा?' म्हणजे आता अहोजाहो सोडायचं का. मी हो म्हटलं. आजींना मात्र इमारतीत सगळे 'व्हू'च म्हणतात, आणि ते कुणी कुणाला सांगत नाही.

1 फेब्रुवारी, शनिवार

संक्रांतीचं हळदीकुंकू आज घरी. तुलूज आणि आसपासच्या मराठी बायका, मुलंबाळं, म्हणजे जिन्यात चपलांचा ढीग आणि आवाज. गुरुवारी प्रवेशदालनात चिठ्ठी लावली होती, ऑक्टोबरमध्ये उतरवून घेतलेल्या वाढदिवसाच्या चिठ्ठीच्या साच्यात: प्रिय शेजाऱ्यांनो, शनिवारी दुपारी आमच्याकडे बायकांचा एक पारंपरिक समारंभ आहे, थोडा आवाज होईल, समजून घेतल्याबद्दल आगाऊ आभार, आणि तिळाचा लाडू खायला जरूर या.

आजी आल्या, पहिला मजला आला, विद्यार्थिनी दोन मैत्रिणी घेऊन आली. 'पुरुषांना मनाई आहे का' असं चौथ्या मजल्याने दारातून विचारलं आणि लाडू घेऊन गेला. तिळगूळ देताना काय म्हणतात ते सांगायला लागले आणि तिथे माझं फ्रेंच संपलं, तेव्हा सगळ्यांना मराठीतच म्हणायला लावलं.

30 मार्च, रविवार

आज कॅलेंडरने मजा केली. गुढीपाडवा, फ्रान्समधली ईद आणि उन्हाळी वेळेसाठी घड्याळ तासभर पुढे करण्याचा दिवस, तिन्ही एकाच रविवारी. पहाटे दोनचे तीन झाले, त्यामुळे गुढी उभारायला आधीच उशीर.

काठी म्हणून बागेच्या दुकानातला बांबू. बाल्कनीच्या वरच्या कडीपर्यंत हात पोचेना, म्हणून चौथ्या मजल्यावर जाऊन शिडी मागितली: 'व्हूझाव्हे अँ एस्काबो?' हे माझं आणखी एक मत. ओळख वाढवायला काही देण्यापेक्षा काही मागणं जास्त कामी येतं. मिठाई घेऊन गेलं की लोक 'से जाँती' (किती छान केलंत) म्हणतात, ताटली घेतात, दार लावतात. शिडी मागितली की माणूस शिडीबरोबर येतो. आलाच. बांबूची गाठ मारण्याची पद्धत त्याला पसंत पडली नाही, त्याने सोडून पुन्हा बांधली.

इथल्या बऱ्याच इमारतींच्या नियमावलीत रस्त्याकडच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई असते. आमच्याही. आणि आमच्या बाल्कनीत आज जरीकाठी हिरवं वस्त्र लटकलेलं, वर उलटा तांब्या. खालून आजींनी विचारलंच, ही धुण्याची नवी तऱ्हा का. नवं वर्ष आहे, दुपारी उतरवणार, असं बाल्कनीतून ओरडून सांगितलं. ओरडून सांगताना व्याकरणाची भीती वाटत नाही.

अकराच्या सुमारास पहिला मजला आला. त्यांचे आईवडील मोरोक्कोहून आलेले, हे मला गालेतच्या दिवशी कळलं होतं. ईदच्या फराळाची ताटली: बदामाचं सारण भरलेल्या चंद्रकोरी, आणि मधात बुडवलेल्या वड्या. ताटली रिकामी परत करायची नाही, हे त्यांच्याकडेही आहे. तेव्हा श्रीखंड गेलं. इथे श्रीखंडाला 'फ्रोमाज ब्लाँ' हे दह्यासारखं मऊ ताजं चीज चालतं: रात्रभर फडक्यात टांगायचं, सकाळी साखर, वेलची, दुधात भिजवलेलं केशर. कृती सांगण्यासारखा फ्रेंचचा दुसरा सराव नाही. क्रियापदं सगळी आज्ञार्थी, वाक्यं तोकडी, आणि समोरचा लिहून घेत असतो त्यामुळे आपल्याला वेळ मिळतो. 'एगुते' म्हणजे निथळवणे, हा शब्द बाईंकडून मिळाला. त्या बदल्यात त्यांनी मला चंद्रकोरींच्या पिठात संत्र्याच्या फुलांचं पाणी किती घालायचं ते सांगितलं, आणि मी ते चुकीचं ऐकलंय का हे पुढच्या शनिवारी पेटीजवळ विचारायचं आहे.

1 मे, गुरुवार

सुट्टी. दाराला मुगेची एक काडी अडकवलेली, पांढऱ्या घंटांसारखी फुलं. आज ही फुलं कुणीही रस्त्यात उभं राहून विकू शकतं. कुणी ठेवली हे विचारायचं नसतं असं लेक शाळेतून शिकून आली आहे. मी विचारलं. विद्यार्थिनी.

23 मे, शुक्रवार

'फेत दे व्ह्वाझँ', शेजाऱ्यांचा सण. 1999 मध्ये पॅरिसच्या सतराव्या विभागात आतानाझ पेरिफाँ या माणसाने सुरू केला. आता देशभर मे अखेरीच्या किंवा जूनच्या एखाद्या शुक्रवारी अंगणात, फुटपाथवर टेबलं मांडतात आणि ज्याने त्याने एक पदार्थ आणायचा.

खरं सांगायचं तर माझ्या अपेक्षेपेक्षा हा दिवस साधा गेला. वर्षभर नुसती मान हलवणारी माणसं एका संध्याकाळी मित्र होत नाहीत. जी आधी बोलत होती ती जास्त बोलली, जी बोलत नव्हती ती ऑलिव्ह खात उभी राहिली. मला तर सगळ्यांनी एकदम बोलणं हाच त्रास. दोघातिघांत मला सगळं कळतं, दहाजणांत विनोद माझ्यापाशी पोचेपर्यंत हसून झालेलं असतं. मग मी साबुदाणावड्यांच्या ताटामागे उभी राहिले. वड्याला जो येईल त्याच्याशी एकेकटं बोलायचं. हे जमलं.

तिसरा मजला आला, वडा घेतला, 'त्रे बाँ' (फार छान) म्हणाला, बॉन सुआरे म्हणाला, गेला. आधी मला हे काम अर्धवट राहिल्यासारखं वाटायचं. आता वाटत नाही. इथे रोजचं नीट बोंजूर हेच काहींचं पूर्ण शेजारपण आहे, त्याच्या पुढे ढकलायचं कारण नाही. यादीत त्यांच्यासमोर 'झालं' अशी खूण केली.

28 जून, शनिवार

उष्णतेची लाट. दिवसभर खिडक्यांचे लाकडी दरवाजे बंद, घरात अंधार, रात्री सगळं उघडं. पुण्याच्या मे महिन्याची सवय इथे कामाची नाही. घरांत पंखेही नसतात, आणि विटा रात्रभर उष्णता सोडत राहतात.

2003 च्या ऑगस्टमधल्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे 15,000 माणसं दगावली, बरीचशी म्हातारी, एकटी राहणारी. त्यानंतर नगरपालिका अशा लोकांची यादी ठेवते, ज्याने त्याने आपणहून नाव द्यायचं. आजींनी दिलेलं नाही. "मला यादी कशाला, जिना आहे," म्हणाल्या. मग सकाळी कंपोस्टच्या पेटीजवळ आम्ही तिघांनी पाळ्या ठरवल्या: सकाळी अकराला मी बेल वाजवायची, संध्याकाळी पहिला मजला, पाव आणि औषधं चौथ्याकडे. बेल वाजवून विचारायचं काय, तेही ठरलं: रात्री झोप लागली का, पाणी किती झालं, खिडक्या केव्हा बंद केल्या. 'कसं वाटतंय' असं विचारायचं नाही, त्याला त्या 'सा व्हा' (ठीक आहे) म्हणून दार लावतात.

आजींची किल्ली माझ्याकडे आहे. ऑगस्टमध्ये आम्ही पुण्यात असू, तेव्हा ती विद्यार्थिनीकडे द्यायची आहे, आणि आमची झाडं चौथ्या मजल्याकडे. कढीपत्त्याला किती पाणी घालायचं ते कागदावर लिहून ठेवायचं राहिलं आहे.